खंडेनवमीच्या काचेच्या बरण्या

काका कुठलीही गोष्ट अंदाजाने करत नसत. नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावातल्या त्यांच्या घरात एक वजनकाटा स्वयंपाकघरात होता, एक न्हाणीघरात आणि तिसरा मागच्या अंगणातल्या शेडमध्ये, काचेच्या झाकणाखाली. या तिसऱ्या काट्यावर ते बंदुकीची दारू मोजत. तो चालू असताना शेडचे दार उघडायची कुणालाही मुभा नव्हती, कारण आत आलेल्या वाऱ्याने आकडा हलत असे.

आइंडहोवनच्या मराठी मंडळात त्यांचे नाव तराजूकाका पडले ते मात्र चिवड्यामुळे. दिवाळीच्या विक्रीसाठी चिवड्याची पाकिटे भरायचे काम ते स्वतःहून घेत आणि प्रत्येक पाकीट काट्यावर ठेवून मगच बंद करत. एकदा मंडळातल्या एका बाईंनी त्यांना टोकले, "काका, चार शेंगदाणे इकडचे तिकडे झाले तर बाप्पा रागावणार नाहीत."

"बाप्पा नाही रागावणार," काका म्हणाले, "पण शेवटचं पाकीट घेणाऱ्याच्या वाट्याला नुसते पोहे येतील."

काकूंचे नेमके उलटे. त्यांच्या स्वयंपाकघरातला काटा काकांनी आणलेला होता आणि तो कोथिंबिरीची जुडी ठेवायच्या कामी येई. काकूंचे मीठ मुठीने, पाणी भांड्याने आणि साखर मनाने पडे. काकांनी त्यावर कधी शब्द काढला नाही. विचारले तर म्हणत, "तिचा हातच काटा आहे. माझा नाही, म्हणून मला यंत्र लागतं."

काका मूळचे साताऱ्याचे. कॉलेजात एनसीसीमध्ये असताना त्यांनी पहिल्यांदा रायफल हातात घेतली. पुढे पुण्यात नोकरी, मग आइंडहोवनच्या एका यंत्रकंपनीत. आजची आयटीतली मंडळी इथे यायच्या कितीतरी आधी ते इथे आले आणि निवृत्त होऊन इथेच राहिले. परवाना मिळवून त्यांनी गावाजवळच्या नेमबाजी क्लबचे सदस्यत्व घेतले. दर शनिवारी सकाळी रायफलीची लांब पेटी गाडीत ठेवून ते निघत. आम्ही शेजारी राहायचो. आमच्या मुलांना बराच काळ ती बासरी वाटत होती आणि काकांनी त्यांचा गैरसमज लगेच दूर केला नाही.

त्यांची रायफल जुन्या घडणीची होती. तिची तयार काडतुसे दुकानात क्वचितच येत. म्हणून ते स्वतः काडतुसे भरत. उडवलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी साफ करायची, तिच्या बुडाला ठिणगी पाडणारे नवे प्रायमर बसवायचे, मोजून दारू ओतायची, वर गोळी बसवायची. एका शनिवारच्या नेमबाजीसाठी त्यांचे दोन संध्याकाळी काम चाले. या कामाचे नियम ते नव्या माणसालाही ऐकवत. शेडमध्ये रेडिओ नाही. टेबलावर एका वेळी एकच डबा. आणि दारू कंपनीच्या डब्यातून दुसऱ्या कशातही ओतून ठेवायची नाही. "सगळी दारू दिसायला सारखीच करडी," ते म्हणत. "एक सावकाश पेटते, एक झटकन. डब्यावरचं नाव गेलं की ती दारू राहत नाही, नुसती भीती राहते."

पूर्वेला युद्ध सुरू झाले आणि त्याची झळ या छंदालाही लागली. कारखान्यांचा माल सैन्याकडे वळला. दुकानातली प्रायमरची फळी रिकामी झाली, दारूचे डबे महिनोन्‌महिने येईनात आणि आले की आधीच्यापेक्षा महाग. क्लबातल्या लोकांनी मिळेल ते उचलायला सुरुवात केली. डच लोक या साठेबाजीला हॅम्स्टर या गालात दाणे भरणाऱ्या प्राण्याचे नाव देतात. कोरोनात टॉयलेट पेपरसाठी झाले होते तेच आता प्रायमरसाठी झाले. दुकानदाराने माणशी एक डबा असा नियम केला, तेव्हा लोक बायकोला आणि मेव्हण्याला परवाना काढायला लावण्याच्या गोष्टी करू लागले.

काका त्या रांगेत उभे राहिले नाहीत. क्लबातला त्यांचा जुना मित्र योप हा निवृत्त सुतार. त्याने एका शनिवारी आमच्यादेखत त्यांना समजावले, "अरे, घे आत्ता. पुढच्या महिन्यात याचे भाव बघून तू रडशील."

"घरात आहे तेवढी पुरते," काका म्हणाले. "मी दोन डबे जास्त उचलले तर कुणाचा तरी शनिवार रिकामा जाणार."

"तो कुणीतरी तूच असशील, मूर्खा."

"मग घरी बसून बायकोच्या हातच्या शेवया खाईन."

जास्तीचे न घेण्याचा हा नियम त्यांनी एकदाच मोडला. त्या वसंतात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की उजव्या डोळ्याचा पडदा मधोमध खराब होतो आहे. औषधाने वेग कमी होईल, थांबणार नाही. गाडी चालवणे बंद करावे लागले. नेमबाजीचे विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, अजून एखादा हंगाम. काकांनी ही बातमी आम्हाला कुंपणापलीकडून, कुंडीतला पुदिना खुडता खुडता सांगितली. क्लबात हिवाळ्यात जुन्या रायफलींची स्पर्धा होते. ती ऑक्टोबरअखेरीस सुरू होऊन मार्चपर्यंत चालते. त्यांना तेवढी पुरी करायची होती, बाकी काही मागणे नव्हते.

त्यासाठी त्यांनी दुकानात नाव नोंदवले आणि सगळा उन्हाळा वाट पाहिली. त्यांची नेहमीची दारू त्यांच्याकडे अर्धा डबा उरली होती. नवी आली ती दुसऱ्या जातीची, तीही गोदामात पडून कडेला गंजलेला एकच डबा, आणि मार्चपर्यंत पुन्हा येणार नाही असे दुकानदाराने बजावले. काकांनी नवी थोडी वापरून, चाचण्या घेऊन तिचे प्रमाण ठरवले. जुन्या दारूची एक छोटी पेटीभर काडतुसे आधीच भरलेली होती. बाकीची खंडेनवमीनंतर भरायची ठरली. दोन्ही डबे शेडमधल्या कुलपाच्या कपाटात होते. कपाटाची किल्ली कायद्याप्रमाणे फक्त त्यांच्याकडे असे.

खंडेनवमीला त्यांच्याकडे शेडमध्ये पूजा होई. काडतुसे भरायचे यंत्र, काटा, स्क्रू-ड्रायव्हर, काकांचा जुना मोजपट्टीचा संच, काकूंची विळी आणि शिलाई मशीन, सगळे एका टेबलावर. झेंडूची फुले आम्सटलव्हीनच्या भारतीय दुकानातून आदल्या दिवशी कुणीतरी आणून ठेवलेली असत. त्या वर्षी फुले आणणाऱ्याला उशीर झाला. काकांनी पूजेसाठी कपाट उघडले, सामान बाहेर काढले आणि बसथांब्यावर फुले घ्यायला गेले. कपाट उघडेच राहिले.

एरवी शेडमध्ये पाऊलही न टाकणाऱ्या काकू ती आवरायला आत गेल्या. सणाच्या दिवशी त्यांना दोन पोचे गेलेले, कडेला गंज धरलेले डबे दिसले. त्यांनी तेच केले जे त्या आयुष्यभर तुरीच्या डाळीचे आणि रव्याचे करत आल्या होत्या. काचेच्या दोन बरण्या धुतल्या, पुसल्या, उन्हात वाळवल्या. एका परातीत दोन्ही डबे रिकामे केले आणि ते दोन्ही बरण्यांत भरले. आत कोंदटपणा नको म्हणून औषधाच्या बाटलीतली शोषक पुडी टाकली. वर हळदकुंकवाची बोटे ओढली. जुने डबे चेपून कचऱ्याच्या गाडीसाठी बाहेर ठेवले आणि ती गाडी त्याच सकाळी येऊन गेली.

आम्ही पोहोचलो तेव्हा काका टेबलासमोर फुले हातात घेऊन उभे होते. त्यांची नजर बरण्यांवर होती. त्यांनी फुले वाहिली, आरती म्हटली, सगळ्यांना प्रसाद दिला. पुरणपोळीचे जेवण झाले. पाहुणे गेले आणि आम्ही भांडी उचलू लागलो, तेव्हा त्यांनी काकूंना विचारले, "त्या बरण्यांत कुठलं कुठे आहे ग?"

"दोन्हींत तेच आहे," काकू म्हणाल्या. "सारखंच होतं ना? एकत्रच केलं. डबे किती गंजले होते अहो, सणाला तसेच कसे ठेवायचे?"

काका म्हणाले, "हो. गंजले होते खरे."

काकूंना तो आवाज ओळखीचा होता. त्यांनी हातातले ताट ओट्यावर ठेवले. "काय झालं? मी काय केलं? अहो, सांगा ना."

काकांनी सांगितले. आवाज न चढवता, पूर्ण सांगितले: या दोन जाती आता वेगळ्या करता येणार नाहीत, या मिश्रणाचे प्रमाण कुणालाच सांगता येणार नाही, आणि चुकीच्या प्रमाणाने रायफल तोंडासमोर फुटू शकते. काकू खुर्चीवर बसल्या. "पुन्हा मिळणार नाही का?"

"मार्चपर्यंत नाही."

त्या रडल्या. काका त्यांच्या शेजारी बसले. म्हणाले, "कपाट मी उघडं टाकलं. पोलिसांनी पाहिलं असतं तर आधी मलाच विचारलं असतं."

क्लबात त्यांनी हेच सांगितले. कपाट उघडे ठेवले, डबे मिसळले गेले, चूक माझी. काकूंचे नाव घेतले नाही. योपला मात्र पटेना. तो घरी आला, बरण्या उजेडात धरून पाहिल्या आणि म्हणाला, "चाळीस वर्षं हेच करतोयस तू. अगदी कमी घाल, एकेक वाढवत जा. तुला कळेल."

"मला काय कळेल?"

"कसं वागते ते."

"खालची दारू वर आली की वेगळी वागेल," काका म्हणाले. "प्रत्येक चमचा वेगळा आहे, योप. हे माहीत नाही म्हणजे नाही."

योपने आपल्याकडचा एक डबा देऊ केला. त्यानेही तो दुप्पट भावाने मिळवून ठेवला होता. काकांनी त्याचे आभार मानले आणि घेतला नाही. ती तिसरीच जात होती. तिचे प्रमाण बसवायला पुन्हा आठवडे लागले असते, आणि चाचणीच्या कागदावरची भोके त्यांना आता नीट दिसत नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना गाडीने दुकानात नेले. दुकानदाराने बरण्या नष्ट करण्यासाठी ठेवून घेतल्या. काकूंनी हळदकुंकू पुसून दिले होते.

उरली ती आधी भरलेली छोटी पेटी. स्पर्धेच्या एका फेरीलाही ती पुरली नसती. काकांनी स्पर्धेतून नाव काढून घेतले आणि नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सरावाची जागा मागितली. त्या सकाळी काकूही गाडीत बसल्या. इतक्या वर्षांत त्या कधी क्लबात आल्या नव्हत्या. आदल्या संध्याकाळी काकांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर त्यांना शिकवले होते: निशाण्याचा कागद म्हणजे घड्याळ समजायचे, भोक जिथे पडले तिथला आकडा सांगायचा, आणि ते मधल्या काळ्या वर्तुळात आहे की बाहेरच्या पांढऱ्यात तेही.

शंभर मीटरची ती रेंज एका लांब बोगद्यासारखी आहे. काका चटईवर आडवे झाले. मागे स्टुलावर काकू, कानांवर मोठी आवरणे, डोळा दुर्बिणीला. पहिल्या गोळीला त्या दचकल्या, मग सावरून म्हणाल्या, "चार वाजता. काळ्यात आहे. काठाजवळ."

काकांनी मान हलवली. पुढची त्यांनी बराच वेळ घेऊन मारली. "बारा. आत." मग "दोन वाजता, आत." योप लिहीत होता. नंतर गोळ्या हळूहळू बाहेर सरकू लागल्या आणि काकू ते तसेच सांगत राहिल्या. आठ वाजता, पांढऱ्यात. नऊ वाजता, आणखी बाहेर. काकांनी एकदा डोळे चोळले, श्वास घेतला आणि पुन्हा गाल लाकडाला लावला.

त्या गोळीनंतर काकूंनी दुर्बीण कागदाच्या चारही कोपऱ्यांवरून फिरवली. मग म्हणाल्या, "अहो, नवीन भोक नाहीये."

योपने दुसऱ्या दुर्बिणीतून पाहिले. "कडेच्या रेषेवर असेल," तो म्हणाला. "कागद तिथे फाटलाय. मी ती मोजणीत धरतो."

"नाही," काकू मोडक्या डचमध्ये म्हणाल्या. "तो आधीचा आहे. ही कागदावर नाही. मी बघतेय."

योपने काकांकडे पाहिले. काका चटईवर तसेच होते. "ती सांगते ते लिही," ते म्हणाले. त्यांनी रायफलीचा मागचा दांडा ओढून नळी उघडली, ती रिकामी असल्याचे योपला दाखवले, आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. पेटीत अजून काडतुसे होती. काकूंनीही ती पाहिली.

"अहो, अजून आहेत की."

"आहेत."

"मग मारा ना. मी सांगते नीट. अजून नीट सांगते."

"तू नीटच सांगितलंस," काका म्हणाले. त्यांनी पेटीचे झाकण लावले, ती योपच्या हातात दिली आणि काकूंच्या कानांवरची आवरणे स्वतःच्या हाताने काढली.