घुमटाबाहेरचं कुंकू

मोरिवलीची वेणू भोईर ऐकून घेणारी बाई नव्हती. ऐन तिशीत नवरा गेला, तरी तिने नोकरी सोडली नाही. उल्हासनगरच्या एका कॉलेजात ती पदार्थविज्ञान शिकवायची. नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट, नॅनो हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. पण भंगारातून आणलेल्या पंपावर तिने विद्यार्थ्यांकडून यंत्र उभं करून घेतलं होतं. काचेच्या घुमटातली हवा उपसायची, आत धातूची वाफ करायची आणि केसाहून हजारपट पातळ थर काचपट्टीवर बसवायचा. धुळीचा कण शिरला की केलेली मेहनत पाण्यात.

आणि खंडेनवमीला विभागप्रमुख श्यामकांत सरांनी नेमकं घुमटाच्या आतच हळदकुंकू वाहिलं. पोरांचं अख्खं सत्र वाया गेलं.

"देवाचं आहे, चालायचंच," सर म्हणाले.

पुढच्या खंडेनवमीला सर ताट घेऊन आले, तर वेणू प्रयोगशाळेच्या दारात उभी.

"बाजूला व्हा, मॅडम. यंत्राची पूजा नको?"

"पोरांनी सकाळपासून घासूनपुसून लख्ख केलंय. झाली पूजा. कुंकू आत जाणार नाही."

"मग भरलं ताट तसंच परत नेऊ?"

"परत कशाला? मला लावा."

सरांचा हात ताटावरच थबकला. विधवेला कुंकू लावायचं कसं?

वेणूने स्वतःच बोट बुडवलं, कपाळावर ठसठशीत टेकवलं आणि दाराबाहेर खुर्ची टाकून बसली.

"आता मलाही आत जाता येणार नाही," ती म्हणाली. "पोरं चालवतील. शिकवलंय मी त्यांना."

आत पंप सुरू झाला.