सातवं घर, सहावी चूल

पीएच.डी.साठी मी रहिमतपूरजवळच्या एका गावात फॉर्म भरत फिरत होते. प्रश्न साधा: घरातले निर्णय कोण घेतं? उत्तर बाईनंच द्यायचं. घर मात्र यादीतलं सातवंच हवं. मग चौदावं, एकविसावं. गाईड सरांचा दमच होता, "एक घर जरी इकडंतिकडं झालं तर सगळं पुन्हा करायला लावीन." माझी मुदत संपत आलेली. पुन्हा म्हणजे मेलेच!

सहाव्या घरच्या काकूंनी मला दारावरून पुढं जाताना बघितलं आणि थेट आडव्या आल्या. "का गं? आमाला काय वाळीत टाकलंय? हळदी-कुंकवाला तरी असं घर सोडत न्हाईत!"

मी शहाणपणा केला. म्हटलं, "काकू, शितावरून भाताची परीक्षा करतात ना, तसंच हे."

"आगं, ती शितं एका पातेल्यातली. हितं घरागणिक चूल येगळी."

इतक्या वर्षांत एकाही पुस्तकानं मला हे इतकं चटकन सांगितलं नव्हतं. पण कबूल कोण करतंय! मी सटकले.

संध्याकाळपर्यंत घरोघरी एकच उत्तर: "आमी दोघं मिळून ठरवतो." शब्दसुद्धा तेच. एकीकडं तर बायको तोंड उघडायच्या आत नवराच म्हणाला. खोदून विचारलं तेव्हा कळलं, सातव्या घरच्या सूनबाईंनी बचत गटाच्या व्हॉट्सॲपवर प्रश्न उत्तरासकट टाकला होता. गावाची अब्रू जायला नको म्हणून! धन्य ती माउली.

परतताना काकूंनी पुन्हा गाठलं. हातात चहाचा कप दिला, म्हणजे सुटका नाही. त्यांच्याकडं साधा फोन, ग्रुपबिप काही नाही. मी कोरा फॉर्म काढला आणि विचारलं.

त्या आधी हसल्या. "कोण म्हंजे? ते! ऊस कवा लावायचा, पोरगी कुठं द्यायची, समदं तेच. येकदा म्हटलं, पोरीला शिकू द्या. तर म्हणाले, तुला कुणी इचारलं? व्हय की, कुणीच न्हाई." मग पदरानं कट्टा पुसत म्हणाल्या, "तूच पैली."

मला लय वाईट वाटलं.

"आता मोजलंस न्हवं मला?"

"मोजलं की, काकू."

सरांनी नमुना निवडीचं कौतुक केलं. त्या गावात नवरा-बायको मिळूनच सगळं ठरवतात, असं माझ्या प्रबंधात छापलंय. काकूंचा फॉर्म माझ्या कपाटात आहे. त्यांचं घर सहावं होतं.