पळणारीची आई खमीसला राहिली

माझी धाकटी लेक पळते. इथं सौदीत, खमीस मुशैतला, आमच्या गल्लीत हे सगळ्यांना माहीत आहे, पण गावाकडं, रत्नागिरीला, अजून कुणाच्या धड डोक्यात शिरलेलं नाही. माझा भाऊ फोनवर विचारायचा, "पळते म्हणजे? कुणाबरोबर?" मी सांगायचो, "एकटीच. मैदानावर. त्याच्यावर तिला पुण्याच्या कॉलेजात जागा मिळायची आहे." त्याला वाटायचं, उन्हानं माझं डोकं फिरलं. खमीसला ऊन कुठलं? डोंगरावरचं गाव आहे. हिवाळ्यात दोन दोन गोधड्या लागतात.

मी चौथीपर्यंत शिकलो. शिंपीकाम करतो. इथं लष्कराचा तळ आहे, म्हणून बाजारात वर्दी शिवणारी दुकानं पुष्कळ. त्यातलं एक माझं, म्हणजे नाव कफीलाचं, ज्याच्या जामिनावर मी इथं राहतो त्या सौदी मालकाचं, आणि हात माझे. त्यानंच खटपट करून माझ्या बायकोला इकडं आणायची परवानगी काढून दिली. तोवर आमचे दोन मुलगे मोठे होऊन मुंबईला लागले होते. आता आपल्याला काही मूलबाळ व्हायचं नाही असं धरून चाललो होतो, तेव्हा ही झाली.

ती नववीत असताना शाळेतल्या खेळाच्या मॅडम दुकानात आल्या. बाई केरळच्या. म्हणाल्या, "अंकल, इसको दौड़ने दो. कॉलेज में सीट मिलेगा." मी म्हटलं, पळण्याला कोण सीट देतो? त्यांनी नीट समजावलं. काही कॉलेजं खेळणाऱ्या पोरांसाठी थोड्या जागा ठेवतात. शाळांच्या स्पर्धांत नंबर लागतात. बारावीला बरे मार्क लागतात. मग तिथं जाऊन त्यांच्यासमोर पळून दाखवायचं. घेतलं, तर पोरगी शिकणार आणि त्यांच्या टीममधून पळणार. मला अर्धं कळलं. बायकोला सगळं कळलं.

तिनं ते अंगावरच घेतलं. पहाटेची, फजरची नमाज झाली की दोघी मम्शावर. मम्शा म्हणजे लोकांनी चालावं म्हणून बांधलेला रस्ता, कडेला झाडं लावलेली. पूर्वी इथं पोरगी पळताना दिसली असती तर लोकांनी गाड्या थांबवल्या असत्या. आता सौदी पोरीही बूट घालून येतात, कुणी बघत नाही. लेक पळायची आणि हिची जागा बाकावर, अबाया सावरून. फेऱ्या मोजायला हातात तसबीह. एक फेरी, एक मणी. मी म्हटलं, अगं ते अल्लाचं नाव घ्यायला असतं. म्हणाली, "मग मी काय शिव्या मोजतेय?"

शिव्याही द्यायचीच. "यल्ला गो, पाय उचल. म्हशीसारखी काय चालतेस?"

"अम्मी, दिस इज वॉर्म-अप."

"असू दे. म्हैसपण आधी वॉर्मच होते."

घरी आल्यावर नाचणीची आंबील, अंडी, खजूर, मग शाळा. दुपारी जरा झोप, मग अभ्यास, मग परत मम्शा. मैत्रिणींचे वाढदिवस झाले, सहली झाल्या, लेक कुठं गेली नाही. पोर कंटाळून रडायची कधी. आईचं एकच. "तिथं पाय बघतात तसे मार्कपण बघतात. बस."

मी आपल्या परीनं तिला पळायचा ड्रेस शिवला. पूर्ण बाह्या, सैल विजार. कापड वर्दीतलंच उरलेलं, चांगलं जाड. वर शिंप्याची खोड, वाढत्या अंगाचं म्हणून शिवणीत दाब ठेवला, म्हणजे आत जास्तीचं कापड दुमडून, भरपूर. पोर दोन दिवस घालून पळली आणि काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बायकोनं मला बोलावून पोरीच्या मांड्या दाखवल्या. शिवण घासून कातडी निघाली होती.

"तिला लष्करात पाठवायचंय का?" बायको म्हणाली.

"वाढतं अंग आहे."

"तिनं पळायचं का वाढेपर्यंत थांबायचं?"

सगळं उसवलं आणि बाजारातनं पातळ, ताणणारं कापड आणून पुन्हा शिवलं. मशीनवर ते कापड सरकायचं. माझ्या हाताला सरळ शिवणीची सवय, फार त्रास झाला. पण त्याच ड्रेसात ती अकरावीत शाळांच्या स्पर्धेत पहिली आली. बायकोनं गल्लीत सगळ्यांना बिर्याणी वाटली.

लेक बारावीत होती, त्या थंडीत बायको गेली. मोठा आजार नाही, काही नाही. खोकला धरला होता, ती म्हणाली जाईल. मग ताप. मग हॉस्पिटल. तिथं एक नागपूरचे डॉक्टर होते. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि मराठीत म्हणाले, "काका, आता आपल्या हातात काही नाही." इतक्या वर्षांत हॉस्पिटलात कुणी माझ्याशी मराठी बोललं नव्हतं. पहिल्यांदा बोललं ते हे.

मुलगे म्हणाले, मय्यत गावी आणा. त्याला कागद लागतात, शिक्के लागतात, तोवर तिला थंडगार पेटीत ठेवायचं. मी नाही म्हटलं. कफीलाच्या बायकोनं इतर बायकांना घेऊन तिला आंघोळ घातली, कफन नेसवलं. दुपार कलल्यावर, अस्रच्या नमाजीनंतर पुरली. इथं कबरीवर नाव लिहीत नाहीत. राजा असो की शिंप्याची बायको, मातीचा उंचवटा आणि डोक्याशी दगड. बायका कबरस्तानात जात नाहीत. लेक घरी बसली होती. मी परत आलो तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "कशी आहे जागा?" मी म्हटलं, "बरी आहे."

त्यानंतर ती पळायची बंद झाली. बूट दाराशी पडून. परीक्षा दिली, मार्क ठीक आले. मॅडमचा फोन आला, "अंकल, जुलै में पूना में ट्रायल है, ये तो ग्राउंड पे आता ही नहीं." मी लेकीला विचारलं. तिनं भाजी चिरता चिरता उत्तर दिलं.

"मला नाही जायचं."

"का?"

"तुम्हारा खाना कौन बनाएगा?"

"मी बनवीन."

"तुम्ही चहा करपवता, अब्बा."

खरं कारण ते नव्हतं, तिलाही माहीत होतं. मी दर शुक्रवारी, जुम्म्याला, कबरस्तानात जायचो. मला तिथनं कुणी हलवू शकणार नाही असं तिनं धरलं होतं. आणि मला एकट्याला टाकून जायची तिची छाती नव्हती. मलाही ते बरंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

एका जुम्म्याला गेलो, आधीच्या आठवड्यात पाऊस झाला होता. इकडं डोंगरात पाऊस आला की धो धो येतो. माती वाहून उंचवटे बसले होते, आणि भिंतीच्या बाजूनं नव्या कबरींची ओळ लागली होती. मी भिंतीपासून मोजून जागा लक्षात ठेवली होती. आता भिंतीपासून मोजलं तर एका जागी यायचो, वाटेपासून मोजलं तर दुसऱ्या. दगड सगळे सारखे. कामगाराला विचारलं, तो बांगलादेशी, नवा आलेला. "बाबा, मालूम नहीं." दगडांमधनं हिंडत राहिलो. मग घरी आलो.

लेक म्हणाली, "अम्मीकडं गेलात?"

"गेलो. सापडली नाही."

"मतलब?"

"मतलब सापडली नाही. कुठला दगड तिचा ते मला कळत नाही आता."

ती भडकली. "ऐसे कैसे खो दिया?" असं म्हणाली, आईला मी बाजारात हरवून आलो असा सूर. मी ऐकून घेतलं. मग तिनं बूट चढवले, दार आपटलं, गेली. मी मागनं गाडी घेऊन मम्शावर गेलो. ती पळत होती. आईनं शिकवलेलं काही नाही, हात कुठंही, तोंड उघडं, नुसती धावत सुटलेली. दमून बाकावर माझ्या शेजारी येऊन बसली. श्वास जागेवर यायला वेळ लागला.

"मी तिथं जाऊ शकत नाही," ती म्हणाली. "तुम्ही जाता तर तुम्हाला सापडत नाही. मग आपण इथं कुणासाठी बसलोय, अब्बा?"

दुसऱ्या दिवशी फजरनंतर ती मम्शावर गेली. रोज जाऊ लागली.

जुलैत ती एकटी विमानानं मुंबईला गेली, तिथनं थोरला मुलगा तिला पुण्याला घेऊन गेला. मी दुकानात होतो. एका शिपायाच्या वर्दीची बाही लावत होतो, तेव्हा फोन वाजला. पडद्यावर तिचं तोंड, घामानं भिजलेलं, मागं पाऊस पडतोय.

"अब्बा, हो गया. ले लिया."

"पडलीबिडली नाहीस ना?"

"नाही. तिसरी आले." मग ती रडायला लागली. "अम्मीला सांगा."

तेव्हाच शटर ओढलं आणि कबरस्तानात गेलो. कुठं उभं राहायचं? दोन जागांच्या मधोमध उभा राहिलो आणि मोठ्यानं सांगितलं, पोरीला घेतलं म्हणून. मराठीत. आजूबाजूला सगळे इथलेच लोक निजलेले, त्यांना काय समजणार. जिला समजायचं तिला समजलं असेल.

पोरीला तिथं भाड्याच्या खोलीत, दुसऱ्या मुलींबरोबर ठेवा, असं मुलगे म्हणाले. ठेवता आली असती. पण मला इथं पोरीशिवाय राहवायचं नाही, हे खरं कारण. म्हणून कफीलाकडं गेलो आणि खुरूज मागितला, म्हणजे देश सोडायचा परवाना, कायमचा. तो म्हातारा माझ्याहून थकलेला, काठी घेऊन चालतो. त्यानं गहवा, म्हणजे इथली कॉफी, ओतून दिला. मग म्हणाला, माझा बापपण त्याच कबरस्तानात आहे, मी जातो, तुझ्या बायकोला सलाम सांगेन. कुठली कबर? मी म्हटलं, मला माहीत नाही. तो म्हणाला, मग सगळ्यांनाच सांगेन.

मशिनी विकल्या. पुढच्या महिन्यात पुण्याला निघतो. पोरीला पळताना बाकावर बसून बघायला कुणीतरी लागतं. आणि इथली झोपलेली आहे, तिला आता कुणी लागत नाही, असं मी स्वतःला रोज सांगतो. पटत नाही. तरी जातोय.