अनवाणी बांधावर

अरबी मुलखातल्या थुवालला समुद्राला लागून, मातीच्या बांधाआड, टोमॅटोच्या प्रयोगाचं एक शेत आहे. मी तिथला पाइपफिटर. हातात पाइप, पण जन्म खारेपाटातला. समुद्राला मातीचा बांध घालून भात पिकवणाऱ्यांच्या घरातला. हे मी तिथे कुणाला सांगत नसे. विचारतो कोण?

आमचे साहेब हॉलंडच्या झीलंड प्रांतातले. त्यांचं गावच समुद्राच्या पातळीखाली. बांधावर मेंढ्या चरतायत, खाली बटाटा, कांदा, साखरेचं बीट, असे फोटो ते जेवताना दाखवायचे. मी मनात म्हणायचो, मेंढ्या सोडल्या तर आमचंही हेच.

एकदा शेतात खारं पाणी झिरपायला लागलं. टोमॅटोंनी माना टाकल्या. ठपका माझ्यावर: गारव्यासाठी समुद्राचं पाणी आणणाऱ्या पाइपाचा सांधा गळतोय. इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, संपायला महिना उरलेला. असा डाग लागल्यावर तो वाढवणार कोण? डोकंच फिरलं माझं. व्हॉल्व्ह बंद करून दिवसभर वाट बघितली. पाणी येतच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर जाऊन मी सेफ्टी शूज काढले. साइटवर हा गुन्हाच. पण बुटातून बांध कळत नाही. वडील आम्हाला अनवाणीच चालवायचे. तळव्याला जिथे गार लागेल, तिथे कुर्लीचं, म्हणजे खेकड्याचं, बीळ. इथे तीन जागी गार लागलं. खणलं, तर हात कोपरापर्यंत आत.

साहेब धावत आले आणि आधी बुटांवरून झापलं. मी बीळ दाखवलं. त्यांनी वाकून आत हात घातला.

"आमच्याकडे एक मोठा पाणउंदीर हेच करतो," ते म्हणाले. "त्याला पकडायला खास माणसं नेमलेली आहेत."

"आमच्याकडे ती माणसं म्हणजे आम्हीच," मी म्हटलं आणि ओली माती भरून पायाने चेपायला लागलो. साहेबांनीही गुपचूप बूट काढले.

चार दिवसांत जमीन सुकली. हा माणूस हवाच, असं साहेबांनी ऑफिसला लिहिलं. इकामा वाढला. अभिमानाने छाती शर्टात मावत नव्हती. वडिलांना व्हिडिओ कॉलवर बांध दाखवला. आयुष्यात कधी शाबास न म्हणालेला माणूस. बराच वेळ बघत राहिले.

"डावीकडचा कोपरा पोचट हाय," ते म्हणाले. "तो दुसऱ्या कुणी चेपलाय."

तो साहेबांचा कोपरा होता.

"बाकीचा तुझा," ते म्हणाले. "दिसतंय."