नातू हातात दिला तेव्हा

आमची स्पॅनिशची शाळा आणि डोंगरावरची बालवाडी यांचं नातं ओदिलियाबाईंवर उभं आहे. शिकायला आलेली परदेशी मुलं त्यांच्या घरी राहतात, जेवतात आणि सकाळी बालवाडीत फुकट राबतात. शाळेच्या माहितीपत्रकात ज्वालामुखीचा फोटो आहे, बाईंचं नाव नाही. मी तिथला मास्तर, पगार घेतो आणि गप्प बसतो.

त्या गुरुवारी बाजारात हान्ने नावाच्या आमच्या विद्यार्थिनीनं एक रडणारं पोर उचलून घेतलं आणि त्याला खायची गोड गोळी दिली. परके लोक मुलं पळवतात, ही ग्वातेमालाच्या डोंगरातली जुनी भीती. पोराच्या आईनं पोर हिसकावून घेतलं.

"धरा हिला, पोरं चोरते ही," कुणीतरी म्हणालं.

पुरुषांनी रस्ता अडवला. एकाच्या हातात कोयता होता. हान्नेला स्पॅनिशचा एकही शब्द आठवेना आणि तिच्याबरोबर आलेला मी एक पाऊल मागे सरलो.

ओदिलियाबाई गर्दीतून पुढे आल्या. पाठीशी बांधलेला नातू त्यांनी सोडला आणि सगळ्यांदेखत हान्नेच्या हातात दिला.

"चल गं, जेवण थंड होतंय," म्हणाल्या आणि तिच्या शेजारून चालू लागल्या.

गर्दी बाजूला झाली.

घरी पोचल्यावर मी विचारलं, "बाई, एवढा विश्वास?"

"कसला विश्वास, मास्तर? रविवारी तर आलीय ती." नातवाला त्यांनी आता घट्ट धरलं होतं. "अख्खा रस्ता मी तिच्या हातांकडेच बघत होते."