लाल पंजा

"वाचता न येणाऱ्यालाही चित्र वाचता येतं," हे पेंटरकाकांचं ठरलेलं वाक्य. पुठ्ठे कापायच्या त्या कारखान्यात सगळ्या पाट्या त्यांच्याच हातच्या. परमुलखातून कामगार आले, त्यांना इथली भाषा येईना, तेव्हा मालकांनी काकांनाच बोलावलं. काकांनी पात्याखालच्या टेबलावर स्वतःचा तळवा टेकवला, खडूने कडेकडेने रेघ मारली आणि आत लाल रंग भरला. इथे हात नको, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांनी वाहवा केली आणि काका चार दिवस ताठ मानेने हिंडले.

पहिल्याच आठवड्यात एका नवख्या कामगाराने त्या पंज्यावर बरोबर आपला पंजा ठेवला. पातं आलं आणि दोन बोटं घेऊन गेलं.

मालक म्हणाले, सूचना होती, यानेच पाळली नाही. चौकशी बसली. त्या दिवशी घरून निघताना बायको काकांना म्हणाली, "अहो, मी डबा द्यायला आले होते ना, तेव्हा मलाही वाटलं, हात ठेवायची जागाच आहे ती. तेवढं सांगा तिथे."

"तुला चित्रातलं काय कळतंय?" काका म्हणाले आणि चपला घालून चालू लागले.

दुभाष्यामार्फत कामगाराने सांगितलं, "आमच्याकडे यंत्र चालू असताना हात जिथे ठेवायचा, तिथेच असा पंजा काढलेला असतो."

चौकशीला बसलेल्या बाईंनी काकांकडे पाहिलं. "असा गैरसमज होऊ शकतो का हो?"

एक 'हो' पुरला असता. त्याची नोकरी टिकली असती, भरपाई मिळाली असती. पण जन्मभर मिरवलेलं वाक्य असं भर खोलीत कोण मोडणार?

"शेंबडं पोरही सांगेल," काका म्हणाले. "उघड्या पंज्याचा अर्थ एकच."

मालकांनी पाठ थोपटली. त्या बिचाऱ्याची बोटंही गेली आणि पोटावरही पाय आला. काकांचं नाक तेवढं शाबूत राहिलं.

संध्याकाळी तो पिशवी घेऊन फाटकाशी उभा होता. काका दिसताच त्याने धड राहिलेला हात वर केला, तळवा काकांकडे, पाचही बोटं पसरलेली. चेहऱ्यावर राग नव्हता, हसू नव्हतं. निरोप घेत होता, शाप देत होता, की पुढे येऊ नका म्हणत होता? काका जागच्या जागी थबकले. विचारावं, तर त्याची भाषा त्यांना येत नव्हती.