मांडवीची माडी

फिरतीच्या नोकरीत मी गावोगावची माडी चाखली. दापोलीकडची गोडसर, पालीजवळची जरा उग्र. पण मांडवीच्या त्या माडी काढणाऱ्याच्या हाताची सर कुठेच आली नाही. पन्नाशीचा किडकिडीत माणूस. माडावर चढण्याआधी रिकामं मडकं नाकाशी धरायचा आणि वास पटला नाही तर पुन्हा धुवायचा. आजची माडी कशी आहे असं विचारलं, की म्हणायचा, "पिऊन तुम्हीच सांगा."

एकदा मुंबईहून आमचे साहेब आले. त्या माडीचं भरपूर कौतुक करून मी त्यांना दुपारी तिथे नेलं. त्याने पेला भरला, आधी स्वतः एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"आज नाय देणार. उन्हानं आंबली."

"चालेल हो," साहेब म्हणाले. "मी पहिल्यांदाच पितोय. मला काय कळणार?"

"म्हणून तर नाय देणार. मांडवीची माडी अशीच असते, असं मुंबैत सांगाल. उद्या सकाळी या."

आणि त्याने अख्खं मडकं आमच्यासमोर माडाच्या मुळाशी ओतलं. साहेबांपुढे मी ओशाळलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी परतीची सकाळची एसटी सोडली. पेला सावकाश संपवून त्यांनी तो पुन्हा पुढे केला. मग मला हळूच म्हणाले, "हे तुमच्या ओळखीचे ना?"

"हो," मी म्हणालो. पुढे मला बढती मिळाली तेव्हासुद्धा मी इतका ताठ उभा राहिलो नव्हतो.